बीडलॉक चाक बसवणं आणि खडतर वाटेसाठी टायरमधली हवा ठरवणं

साध्या रिमवर टायर टिकतो तो निव्वळ हवेच्या जोरावर. टायरच्या दोन्ही कडांना आत पोलादी तारांचं कडं असलेला जाड भाग असतो, तो बीड. आतली हवा हे दोन्ही बीड रिमच्या काठांवर रेटून धरते. १७ इंची रिमवरच्या ३५ इंची टायरमध्ये ३५ पीएसआय (दर चौरस इंचावर पौंडांत मोजलेला दाब) हवा असेल, तर ढोबळ हिशोबाने प्रत्येक बीड चार टनांहून जास्त जोराने काठावर दाबला जातो. हवा ८ पीएसआयवर आणली की हाच जोर चौथाईच्याही खाली येतो. अशा वेळी गाडी उतारावर आडवी चालली किंवा जोरात वळली, की भार पडलेल्या चाकाची बाहेरची साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, रिमखाली दुमडते. बाहेरचा बीड काठ सोडून रिमच्या मधल्या खोलगट भागात उतरतो आणि सगळी हवा एका दमात निघून जाते.

बीडलॉक हा बाहेरचा बीड रिमचा सपाट काठ आणि वरून बोल्टने आवळलेली रिंग यांच्यामध्ये चिमटून धरतो. हवा पूर्ण गेली तरी तो बीड हलत नाही. शिवाय कमी हवेत, कमी गियरमध्ये जोर लावला की साध्या रिमवर टायर जागच्या जागी सरकतो. तेही इथे थांबतं. मात्र बहुतेक बीडलॉक चाकांमध्ये आतला बीड साध्या रिमसारखाच, हवेच्या भरवशावर असतो. त्यामुळे बीडलॉक लावलं म्हणजे हवी तितकी हवा काढायला मोकळे झालो, असं होत नाही. दोन्ही बीड धरणारी चाकं वेगळी असतात: काहींत दोन तुकड्यांचं रिम आणि मध्ये रबरी कडं असतं, काहींत टायरच्या आत जास्त दाबाची वेगळी ट्यूब दोन्ही बीड बाहेर रेटून धरते. खाली दिलेली कृती बाहेरून रिंग असलेल्या नेहमीच्या बीडलॉकची आहे.

चाक घेण्याआधी

पहिली गोष्ट, रिंग खरी आहे का ते बघा. दिसायला बीडलॉकसारखी, पण नुसती शोभेची रिंग असलेली चाकं सर्रास मिळतात. त्यांत टायर साध्या रिमसारखाच बसतो आणि बोल्ट काहीही धरत नाहीत. ओळखायची खूण सोपी आहे: रिंग काढल्यावर टायरचा बीड उघडा दिसला पाहिजे. रिंग काढूनही टायर आपल्या जागी घट्ट असेल तर ती सजावट आहे.

दुसरी गोष्ट कायद्याची. बरीच बीडलॉक चाकं फक्त रस्त्याबाहेर वापरण्यासाठी म्हणूनच विकली जातात आणि त्यांच्यावर तसं लिहिलेलं असतं. सार्वजनिक रस्त्यावर चालवायची असतील तर तिथला नियम आणि विम्याची अट आधी वाचून घ्या.

मग मापं. बोल्ट पॅटर्न (नटांच्या भोकांची संख्या आणि मांडणी) आणि हबचं भोक तर जुळायलाच हवं, पण बीडलॉकमध्ये अडचण होते ती ऑफसेटची, म्हणजे चाक हबवर किती आत किंवा बाहेर बसतं त्याची. चाक जितकं बाहेर निघतं तितका टायर वळताना फेंडरला आणि बंपरला घासतो, आणि बेअरिंगवर, बॉल जॉइंटवर लांब तरफेचा भार येतो. आत ब्रेक कॅलिपर आणि रिम यांच्यामध्ये निदान ४ ते ५ मिमी जागा राहील हे टायर न चढवता, नुसतं चाक लावून आणि हाताने फिरवून बघा.

साध्या पोलादी रिमवर बीडलॉकची कडी वेल्ड करून घेण्याचीही पद्धत आहे. स्वस्त पडतं, पण वेल्डच्या उष्णतेने रिम वाकडं होतं आणि वेल्डमधल्या बारीक छिद्रांतून हवा झिरपते. असं चाक आलं तर हबवर फिरवून, स्थिर टेकवलेल्या सुईने डगमग मोजा. वर-खाली किंवा आत-बाहेर दीड मिलिमीटरपेक्षा जास्त हलत असेल तर ते रस्त्यावर थरथरणारच, आणि ती थरथर बॅलन्सिंगने जात नाही.

लागणारं सामान

बोल्ट आणि वॉशर चाकाच्या कंपनीचेच, ठरलेल्या लांबीचे आणि ग्रेडचे घ्या. दर चाकामागे १६ पासून ३२ पर्यंत बोल्ट असतात, तेव्हा पूर्ण संचापेक्षा आठ-दहा जास्तीचे जवळ ठेवलेले बरे. बरेचदा ते ५/१६ इंची किंवा ८ मिमीचे असतात. इतक्या लहान बोल्टसाठी चाकाच्या नटाला वापरतो तो मोठा टॉर्क पाना (आवळण्याचा जोर मोजणारा) चालत नाही. ५ ते ५० न्यूटन-मीटर पट्ट्यातला छोटा पाना लागतो. मोठ्या पान्याच्या अगदी खालच्या टोकाला मिळणारं माप भरवशाचं नसतं, आणि या कामात तर सगळी भिस्त मापावर आहे.

बाकी सामान असं: टायर चढवायचं खास वंगण किंवा साबणाचं घट्ट पाणी, तारेचा ब्रश, फीलर गेज (बारीक फट मोजायच्या पातळ पट्ट्या), व्हॉल्व्हची पिन काढायचा पाना, पेंटचा मार्कर, चिमटा असलेली लांब नळी लावलेला कंप्रेसर, आणि चाक जमिनीपासून फूटभर उंच ठेवायला भक्कम बादली किंवा लाकडी ठोकळे. व्हॉल्व्ह धातूचा, नटाने आवळायचा घ्या. रबरी व्हॉल्व्ह खडकात किंवा झुडपात अडकून मुळातून उपटतो. टायर चढवल्यावर तो बदलायला सगळं पुन्हा उघडावं लागतं, म्हणून हे आधीच उरकून घ्या.

चढवण्याआधीची तपासणी

नव्या चाकाच्या काठावरही यंत्रकामाची बारीक कूस राहिलेली असते. ती घासून काढा. बोल्टच्या प्रत्येक भोकात एक-एक बोल्ट हाताने पूर्ण उतरवून बघा. जिथे अडतो तिथे टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवून आटे साफ करा. पाना लावून जबरदस्तीने उतरवलेला पहिलाच बोल्ट ॲल्युमिनियमचे आटे खातो, आणि मग तिथे तारेचा इन्सर्ट बसवण्याशिवाय गत्यंतर राहत नाही. जुनं चाक असेल तर काठावरचा गंज, रंगाचे पापुद्रे आणि वाळलेला चिखल पूर्ण काढा. रिंग काचेवर किंवा सपाट लादीवर ठेवून कुठे डुगडुगते का पाहा.

टायरकडेही बघा. बीडवर साच्याची रबरी शीर किंवा बारीक केसांसारखे धागे उरलेले असतात. काठावर दाबला जाणारा भाग धारदार पात्याने अलगद साफ करा, पण बीडचं रबर कापू नका.

यानंतरची पायरी बहुतेक लोक गाळतात आणि निम्म्या गळत्या तिथेच सुरू होतात. बीडची जाडी टायरगणिक वेगळी असते. जड, जास्त प्लायच्या (थरांच्या) टायरचा बीड जाड, हलक्याचा पातळ. रिंगचे बोल्ट बीडच्या आतल्या बाजूला, म्हणजे हबकडे असतात, आणि रिंगची बाहेरची कड बीडवर टेकते. बीड जास्त जाड असला तर बोल्ट आवळताना रिंगचा आतला भाग खाली ओढला जातो, बाहेरची कड वरच अडते आणि रिंग ताटलीसारखी वाकते. बीड फार पातळ असला तर रिंग आधीच चाकाला टेकते. पाना टॉर्क दाखवतो, पण बीडवर मात्र पुरेसा दाब नसतो. पहिल्या अडचणीवर उपाय म्हणजे कंपनीची स्पेसर रिंग किंवा शिम (मध्ये घालायची पातळ चकती). दुसऱ्यावर बहुधा वेगळी रिंग किंवा वेगळा टायर. रिंग चाकाला पूर्ण टेकावी की थोडी फट राहावी हे त्या चाकाच्या रचनेवर ठरतं, म्हणून कंपनीचा कागद इथे हाताशी हवा.

टायर चढवणं

चाक बादलीवर दर्शनी बाजू वर करून ठेवा. टायरची बाहेरची बाजू वर आहे ना, आणि टायर एकाच दिशेने फिरणारा असेल तर बाण बरोबर आहे ना, हे आत्ताच बघा. टायरवर पिवळा ठिपका असेल तर तो व्हॉल्व्हसमोर आणा. तो टायरच्या हलक्या जागेची खूण असतो.

वंगण फक्त आतल्या बीडला आणि तो ज्यावरून उतरणार त्या काठाला लावा. टायर तिरपा धरून आतल्या बीडची एक बाजू रिमच्या खोलगट भागात घाला आणि उरलेली बाजू गुडघ्याने किंवा पायाने दाबून उतरवा. बाहेरचा बीड मात्र रिमच्या आत जात नाही, तो काठावर वर टेकतो. चाक उंचावर असल्यामुळे टायर त्या बीडवर लोंबकळत राहतो आणि आपोआप मध्यावर येतो. म्हणूनच हे काम जमिनीवर सपाट ठेवून करू नये.

आता काठ आणि बाहेरचा बीड कोरड्या फडक्याने पुसून काढा. चिमटून धरायच्या जागी वंगण राहिलं तर जोर लावल्यावर टायर तिथेच सरकतो. काठावर बीडच्या आतल्या कडेसाठी एक बारीक पायरी असते. बीड त्या पायरीभोवती सगळीकडून नीट बसला पाहिजे. बोट फिरवून चाचपा. कुठे बीड पायरीवर चढलेला असेल तर रबरी हातोड्याने बाजूने ठोकून खाली आणा. एवढं एक नीट झालं तर पुढचं काम सुरळीत होतं. इथे बीड पायरीवर राहिला तर रिंग तिरपी बसते, टायर मध्यापासून सरकतो आणि रस्त्यावर कितीही वजनं चिकटवली तरी गाडी उड्या मारते.

रिंग आवळणं

रिंग ठेवा, भोकं जुळवा आणि सगळेच्या सगळे बोल्ट हाताने दोन-तीन आटे उतरवा. बीड जाड असल्यामुळे बोल्ट पोचत नसतील तर चार ठिकाणी लांब बोल्ट लावून रिंग हळूहळू खाली आणा, बाकीचे बोल्ट लागले की लांब बोल्ट काढून योग्य लांबीचे लावा. लांब बोल्ट तसेच ठेवू नका. मागून बाहेर आलेलं टोक कॅलिपरला किंवा दगडाला लागतं.

इम्पॅक्ट पाना या कामात बाजूलाच ठेवा. त्याच्या झटक्याने एक बोल्ट पूर्ण आवळला जातो तेव्हा शेजारचा अजून ढिला असतो. रिंग तिथे वाकते आणि ते वाकणं पुन्हा सरळ होत नाही. स्टेनलेस बोल्ट तर वेगाने फिरवले की आट्यांमध्येच चिकटून बसतात.

२४ बोल्टची रिंग धरून चालू. घड्याळाच्या १२, ६, ३ आणि ९ च्या जागचे बोल्ट आधी, मग त्यांच्या मधले, असं नेहमी समोरासमोर जात एक फेरी ७ न्यूटन-मीटरला पूर्ण करा. दुसरी फेरी तशीच १४ ला. तिसरी कंपनीने सांगितलेल्या आकड्याला. ५/१६ इंची बोल्टसाठी तो बरेचदा २० ते २७ न्यूटन-मीटर असतो, पण चाकासोबतच्या कागदावरचाच आकडा पाळा. यानंतर समोरासमोर नको, सरळ गोल फेऱ्या मारा. एक बोल्ट आवळला की शेजारच्या बोल्टखालचं रबर दबतं आणि तो शेजारी ढिला पडतो, म्हणून पहिल्या गोल फेरीत बहुतेक सगळे बोल्ट थोडे-थोडे फिरतील. एकही बोल्ट न फिरता पाना प्रत्येक ठिकाणी टिकटिकेपर्यंत फेऱ्या चालू ठेवा. चार-पाच लागतात. मग अर्धा तास चाक तसंच ठेवा आणि पुन्हा एक फेरी. रबर दाबाखाली हळूहळू बसत राहतं, आणि हा अर्धा तास वाचवला तर तेच बसणं वाटेत घडतं.

फीलर गेजने रिंग आणि चाक यांच्यातली फट आठ ठिकाणी मोजा. ती सगळीकडे सारखी हवी. कुठे अर्ध्या मिलिमीटरहून जास्त फरक दिसला तर सगळं ढिलं करून पुन्हा सुरुवात करा. जास्त फट असलेल्या ठिकाणचे दोन बोल्ट अधिक आवळून फट मिटवण्याचा मोह टाळा.

आट्यांना अँटी-सीझ (बोल्ट धरू नयेत म्हणून लावायचं वंगण) लावायचं की नाही हाही प्रश्न येतो. ॲल्युमिनियममध्ये पोलादी बोल्ट कोरडे बसवले तर ओलाव्याने ते धरतात, तेव्हा लावणं चांगलं. पण वंगण लावलेल्या बोल्टमध्ये त्याच टॉर्कला साधारण तिसरा हिस्सा जास्त ताण येतो. कंपनीचा आकडा कोरड्या आट्यांसाठी आहे की वंगणासह, हे बघून त्याप्रमाणे वागा, आणि एकाच चाकात काही बोल्ट कोरडे, काही ओले असं कधीही करू नका.

हवा भरणं आणि गळती शोधणं

आतला बीड काठावर बसवायला हवेचा झोत लागतो. व्हॉल्व्हची पिन काढा, नळीचा चिमटा लावा आणि हात-तोंड चाकाच्या समोर न ठेवता बाजूला, नळीच्या लांबीइतकं दूर उभे राहा. बीड बसताना ठळक आवाज येतो. बीड बसवतानाच्या दाबाची मर्यादा बहुतेक टायरांच्या साइडवॉलवर छापलेली असते, अनेकदा ४० पीएसआय. तिथपर्यंत बीड बसला नाही तर दाब वाढवू नका. हवा सोडा, वंगण पुन्हा लावा, टायर हलवा आणि परत भरा. पेटणारा फवारा मारून आग लावायची युक्ती प्रचलित आहे. ती करू नका, टायर आणि माणूस दोन्ही फुटतात.

एक नियम इथेच लक्षात ठेवा, कारण यात चूक झाली तर जीव जातो: टायरमध्ये हवा असताना रिंगचा एकही बोल्ट ढिला करायचा नाही. वर सांगितलेला टनांचा जोर त्या रिंगने अडवून धरलेला असतो. ढिलं करायचं असेल तर आधी व्हॉल्व्हची पिन पूर्ण काढा, फुसफुस थांबेपर्यंत थांबा, मगच पाना लावा. हवा भरलेल्या टायरवर टॉर्क तपासताना फक्त आवळण्याच्या दिशेनेच जा.

हवा रस्त्याच्या दाबाला आणून साबणाचा फेस रिंगच्या कडेला, आतल्या बीडला, व्हॉल्व्हच्या बुडाशी आणि वेल्ड असेल तर वेल्डवर लावा. बुडबुडे रिंगच्या एकाच ठिकाणी येत असतील तर तिथे बीडखाली कचरा किंवा रबराची शीर असते. अर्ध्या घेरावर येत असतील तर टायर मध्यावर नाही. सगळीकडून बारीक येत असतील तर दाब कमी पडतोय, बहुधा पातळ बीडमुळे. सिलिकॉन भरून गळती बंद करणं आम्हाला पटत नाही. मूळ दोष झाकला जातो आणि ओलं सिलिकॉन चिमट्याच्या जागी वंगणाचं काम करतं.

दुसऱ्या दिवशी, थंड टायरवर दाब पुन्हा मोजा. उतरला नसेल तर टॉर्कची आणखी एक फेरी मारून प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून रिंगपर्यंत पेंटची सरळ रेघ ओढा. पुढे कुठला बोल्ट फिरला तर रेघ तुटलेली दिसते आणि पाना न लावता कळतं.

बॅलन्सिंगसाठी आतल्या बाजूला चिकटणारी वजनं वापरा. काठावर ठोकायच्या वजनांना बाहेरच्या बाजूला जागाच नसते. मोठ्या टायरांत टायरच्या आत सुटे मणी टाकून बॅलन्स करतात. ते ठीक, पण हवा काढताना व्हॉल्व्हमध्ये अडकू नयेत म्हणून जाळीची पिन लागते. चाक गाडीला लावल्यावर ८० ते १०० किमीनंतर चाकाचे नट आणि रिंगचे बोल्ट दोन्ही तपासा.

कुठे किती हवा

हवा कमी केली की टायर रुंद होतो असा समज आहे. थोडा होतो, पण खरी वाढ लांबीत होते: जमिनीला टेकलेला पट्टा पुढे-मागे लांबतो. त्यामुळे वाळूत भार पसरतो आणि चाक रुतत नाही, खडकावर ट्रेड (टायरचा जमिनीला टेकणारा नक्षीचा भाग) दगडाच्या आकाराला बिलगतो, आणि टोकदार दगडावर टायर दबतो म्हणून फुटण्याचं प्रमाणही कमी होतं. मात्र बाजूला फुगलेल्या साइडवॉलला चीर पडण्याचा धोका वाढतो.

खालचे आकडे साधारण सव्वादोन ते अडीच टनांच्या, ३३ ते ३५ इंची टायरच्या, चारही चाकांना बीडलॉक असलेल्या गाडीसाठी सुरुवात म्हणून धरा.

- खडीचा, नालीदार कच्चा रस्ता: २२ ते २६ पीएसआय. ५० ते ६० किमी वेगापर्यंत.
- खडबडीत, दगड-मातीची वाट: १५ ते १८. वेग ३०-४० च्या आत.
- मऊ वाळू: १० ते १४. रुतल्यावर आणखी २ कमी करून बाहेर निघता येतं, पण मग तीव्र वळण घ्यायचं नाही.
- खडक चढणं: ८ ते १२. चालण्याच्या वेगाने.
- चिखल: खाली कडक जमीन असेल तर १८ ते २०, म्हणजे टायर चिखल कापून तळाला लागतो. तळच नसेल तर वाळूसारखं १२ च्या आसपास.
- खोल, मऊ बर्फ: ४ ते ६, तेही मोठ्या टायरवर. आइसलँडच्या हिमनद्यांवर ३८ ते ४४ इंची टायर २ ते ४ पीएसआयवर चालवतात, पण ती सगळी गाडीच त्यासाठी बांधलेली असते.

साधं रिम असलेल्या गाडीने वाळूत १५ च्या खाली सहसा जाऊ नये. एकाच एक्सलवर बीडलॉक असेल तर दुसऱ्या एक्सलचा दाब साध्या रिमच्या हिशोबाने ठेवा.

हे आकडे जसेच्या तसे उचलू नयेत याचं कारण टायरची बांधणी. दहा प्लायच्या मापाचा जड टायर १५ वर जेवढा दबतो तेवढा सहा प्लायचा टायर २० वरच दबतो. गाडीचं वजनही चारी चाकांवर सारखं नसतं. रिकाम्या हौद्याच्या ट्रकचं पुढचं टोक जड असतं, तेव्हा पुढे १२ असेल तर मागे १० पुरतं. हौद्यात पाणी, डिझेल, सामान भरलं की हिशोब उलटतो.

म्हणून आपल्या गाडीचा आकडा मोजून काढा. सपाट जागी, प्रवासाचं सगळं सामान भरून, रस्त्याच्या दाबावर रिमच्या खालच्या काठापासून जमिनीपर्यंतची उंची मोजा. समजा ती १८० मिमी आली. हवा सोडत जा आणि उंची चौथाईने, म्हणजे १३५ मिमीपर्यंत उतरली की गेज वाचा. तो आकडा वाळू आणि दगडांसाठी त्या एक्सलचा पाया. पुढचा आणि मागचा वेगळा येईल, तो तसाच वहीत लिहा. त्याखाली जायचं ते गरज पडली तर, एका वेळी एक-एक पीएसआयने, आणि दर वेळी आतल्या बीडकडे नजर टाकून. आतल्या काठाशी ओली माती फुरफुरलेली दिसली किंवा वळताना फुस्स असा आवाज आला तर तो बीड क्षणभर उचलला गेला होता. लगेच २ पीएसआय वाढवा.

गेज कमी दाबाचं, ० ते ३० पीएसआयचं घ्या. ० ते १०० च्या गेजमध्ये पूर्ण मापाच्या २ टक्के चूक धरली तरी ती २ पीएसआय झाली. ३५ वर ती खपते. ८ वर तिचा अर्थ ६ किंवा १० होतो.

उष्णता आणि उंची

दाब नेहमी थंड टायरवर, म्हणजे गाडी निदान तीन तास उभी राहिल्यावरचा धरा. ३५ पीएसआयच्या टायरमध्ये तापमान साडेपाच अंशांनी वाढलं की दाब जवळपास १ पीएसआय वाढतो. १० पीएसआयच्या टायरमध्ये तेवढ्याच वाढीला अर्धा. सकाळच्या गारव्यात १० वर ठेवलेला टायर दुपारी उन्हात १२ दाखवतो. म्हणून हवा काढू नका, संध्याकाळी तो परत खाली येणार आहे.

उंचीचाही परिणाम असतो. गेज बाहेरच्या हवेच्या तुलनेत दाब सांगतं, आणि वर जाताना बाहेरची हवा विरळ होते. समुद्रसपाटीजवळ १० वर ठेवलेला टायर तापमान तेच राहिलं तर ३००० मीटरवर साधारण साडेचौदा दाखवेल. वर पोचून पुन्हा १० वर आणला असेल, तर खाली उतरताना भरायला विसरू नका. समुद्रसपाटीला तो साडेपाचवर आलेला असेल.

रस्त्यासाठी योग्य दाब तपासायची एक जुनी रीत आहे. थंड टायरचा दाब लिहून ठेवा, नेहमीच्या वेगाने तासभर चालवा आणि लगेच मोजा. जड बांधणीच्या ट्रक टायरमध्ये ६ पीएसआयच्या आसपास वाढ ठीक, हलक्या बांधणीच्या टायरमध्ये ४ च्या आसपास. त्याहून जास्त वाढला तर सुरुवातीला हवा कमी होती, टायर जास्त दबून तापला. कमी वाढला तर हवा जास्त होती.

हे तापणंच कमी हवेचा सगळ्यात मोठा धोका आहे. १२ पीएसआयवर ८० च्या वेगाने धावणारा टायर प्रत्येक फेरीला साइडवॉलमध्ये दुमडतो, आतून तापतो आणि त्याचे थर एकमेकांपासून सुटू लागतात. बाहेरून काही दिसत नाही. टायर फुटतो तो कदाचित आठवड्याने, पूर्ण हवा भरलेली असताना. डांबरी रस्ता लागला की पाच किलोमीटरसाठीसुद्धा हवा भरूनच निघा.

परत भरणं

३५ इंची टायरमध्ये ढोबळमानाने १०० लिटर जागा असते. तो १५ वरून ३५ वर न्यायला साधारण १४० लिटर मोकळी हवा लागते, चार टायरांना ५६०. मिनिटाला ७० लिटर खरोखर देणारा कंप्रेसर हे आठ-दहा मिनिटांत करतो, ३० लिटरवाल्याला वीस मिनिटं लागतात आणि मध्ये थंड व्हायला थांबावं लागतं. डब्यावर लिहिलेला आकडा बहुधा दाब नसतानाचा असतो, भरताना त्याहून कमी मिळतो. इंजिन चालू ठेवा आणि तार थेट बॅटरीला जोडा. सिगारेट लायटरच्या सॉकेटचा फ्यूज मोठा कंप्रेसर सोसत नाही.

हवा काढताना वेळ मोजून ठेवला की काम झपाट्याने होतं. आपल्या व्हॉल्व्हमधून ३५ चा १५ व्हायला किती मिनिटं लागतात ते एकदा बघा, मग चारही टायर त्या अंदाजाने सोडून शेवटचे दोन पीएसआय गेजवर जुळवा.

प्रवासानंतर

रिंगची कड दगडांवर घासून चपटी होते, ते चालतं. तिचं तेच काम आहे. पण रिंग आत दाबली गेली असेल, बोल्टच्या भोकाजवळ तडा असेल किंवा तीन-चार बोल्टची डोकी घासून पाना धरत नसेल, तर हवा पूर्ण काढून ते बदला. डोकं गेलेला एखादा बोल्ट दिसला की त्याच्या दोन्ही बाजूंचे बोल्टही बदला, त्यांनी त्याचा भार सोसलेला असतो. चाकाच्या आतल्या बाजूला वाळलेला चिखल पाण्याच्या फवाऱ्याने काढा, नाहीतर रस्त्यावर स्टिअरिंग थरथरतं आणि दोष उगाच बॅलन्सिंगला लागतो. समुद्रकाठच्या वाळूतून किंवा खारट पाण्यातून आल्यावर रिंगमागची फट गोड्या पाण्याने भरपूर धुवा. मिठात पोलादी बोल्ट आणि ॲल्युमिनियम एकमेकांना खातात.

टॉर्कची फेरी नव्या चाकावर पहिल्या तीन प्रवासांनंतर दर वेळी आणि पुढे दर दोन-तीन महिन्यांनी मारा. स्टेपनीही विसरू नका. ती साध्या रिमवर असेल तर कमी हवेत बदलल्यावर त्या एका चाकाचा दाब १५ च्या वर ठेवावा लागतो; बीडलॉकवर असेल तर वर्षभर न वापरताही तिच्या बीडचं रबर बसत राहतं, तेव्हा बाकी चार चाकांबरोबर तिच्या रिंगवरही पाना फिरवून घ्या.